नोकरी सांभाळून एमबीए: फॉर्म भरण्याआधीपासून पदवी हातात पडेपर्यंत

रबाळ्याच्या एका औषध कंपनीत मी पॅकिंगची लाइन इन्चार्ज झाले, तेव्हा मला मशीनमधलं सगळं कळत होतं आणि माणसांमधलं काहीच कळत नव्हतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, वर आठ वर्षं शॉप फ्लोअरवर. शुक्रवारी ऑपरेटर लोक मला 'मॅडम, चहा घेणार का' विचारत होते आणि सोमवारी त्याच चौदा जणांच्या सुट्ट्या मी मंजूर करायच्या होत्या. हे कसं करायचं ते कुणी शिकवलं नाही. शिकवत नाहीतच. मग तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून मॅनेजमेंटची पदवी घेतली. त्या वाटेवर मी जिथे जिथे ठेचकाळले ते सगळं इथे लिहिते आहे, म्हणजे तुमच्या पायाची नखं तरी शाबूत राहतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वर्गात बसून कुणाला माणसं सांभाळता येत नाहीत. वर्गात शनिवारी जे ऐकलं ते सोमवारी कामावर करून बघायची सोय असणं, हाच अर्धवेळ शिकण्याचा खरा फायदा. पूर्णवेळ एमबीए करणाऱ्या मुलांकडे ती सोय नसते. ती वापरायची नसेल तर तीन वर्षं आणि लाखभर रुपये कशाला घालवायचे?

१. पदवी हवी आहे की काम शिकायचं आहे, ते आधी ठरवा

दोन्ही हवं असं सगळेच म्हणतात. तरी स्वतःला खरं उत्तर द्या. तुमच्या कंपनीत वरच्या पदासाठी 'एमबीए किंवा समकक्ष' अशी लेखी अट असेल, तर तुम्हाला मान्यताप्राप्त पदवी लागेल आणि तिथे तडजोड चालणार नाही. अट नसेल आणि नुसतं शिकायचं असेल, तर आधी स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवरचा आठ किंवा बारा आठवड्यांचा एखादा मॅनेजमेंटचा कोर्स करून बघा. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची. दर आठवड्याच्या असाइनमेंट वेळेत देता आल्या, तर तीन वर्षांचं ओझं पेलण्याची शक्यता आहे. चौथ्या आठवड्यात सुटलं, तर फुकटात धडा मिळाला.

माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्यांपैकी जे पहिल्या वर्षात सोडून गेले, त्यातल्या बहुतेकांना अभ्यास अवघड गेला नव्हता. आपण हे नक्की कशासाठी करतोय, याचं उत्तरच त्यांच्याकडे नव्हतं.

२. वाटा चार आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका

पहिली वाट संध्याकाळच्या वर्गांची. मुंबई विद्यापीठाचे एमएफएम, एमएमएम, एमएचआरडीएम आणि एमआयएम हे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम नोकरदारांमध्ये वर्षानुवर्षं ओळखीचे आहेत. अनुक्रमे वित्त, विपणन, मनुष्यबळ आणि माहिती व्यवस्थापन. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ची, विद्यापीठाची स्वतःची. शिवाय संलग्न संस्था आहेत. कुठला कोर्स यंदा कुठे चालू आहे ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी पदवीनंतर काही वर्षांचा अनुभव मागतात. पूर्णवेळ एमबीएसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. अर्धवेळसाठी संस्थेची वेगळी परीक्षा आणि मुलाखत असू शकते. हे आधीच विचारा, नाहीतर भलत्याच परीक्षेची तयारी करत बसाल.

दुसरी वाट दूरस्थ शिक्षणाची. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. ज्यांची शिफ्ट फिरती आहे किंवा जे तालुक्याच्या गावी आहेत, त्यांच्यासाठी हीच वाट. इग्नूत जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. असाइनमेंटला ३० टक्के, सत्रांत परीक्षेला ७० टक्के महत्त्व. फी परवडणारी, पण रेटा सगळा स्वतःच लावायचा.

तिसरी ऑनलाइन पदवी. वर्ग रेकॉर्ड केलेले, काही थेट. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थांची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. खासगी कंपनीतला एचआर ती तशी धरेलच असं नाही, हा वेगळा मुद्दा. आपल्या एचआरला आधी विचारून घ्या, जमलं तर ईमेलवर.

चौथी वाट 'एक्झिक्युटिव्ह' कोर्सची. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. एखाद्या मोठ्या संस्थेचं नाव, सहा-अकरा महिने, शेवटी कॅम्पसवर तीन दिवस. शिकवतात चांगलं. पण हातात पडतं ते बहुतेक वेळा प्रमाणपत्र, पदवी नव्हे. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७च्या कायद्याने मिळाला, तो जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला. पण म्हणून त्यांचा प्रत्येक कोर्स पदवीचा झाला नाही. माहितीपत्रकात 'डिग्री', 'डिप्लोमा' की 'सर्टिफिकेट' यातला कुठला शब्द आहे, त्याच्यावर पेनाने गोल करा.

मी पहिली वाट धरली, कारण मला स्वतःची ओळख आहे. कुणी हजेरी घेतली नाही तर मी अभ्यास करत नाही.

३. मान्यता स्वतः तपासा, काउन्सिलरच्या तोंडावर जाऊ नका

तुम्ही एकदा फोन नंबर दिलात की पुढचे दोन महिने फोन वाजत राहील. पलीकडची मुलगी गोड बोलते, 'सर, आजच सीट ब्लॉक करा' म्हणते. तिचाही पोटापाण्याचा प्रश्न आहे, तिच्यावर चिडू नका. पण पैसे भरण्याआधी हे करा:

– दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि तुमचं प्रवेशाचं सत्र, तिन्ही बघा. विद्यापीठाला मान्यता असते पण त्या कोर्सला किंवा त्या सत्राला नसते, असं घडतं.
– पीजीडीएम म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंट असेल तर एआयसीटीईची म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता बघा. ती पदविका आहे, पुढे पीएच.डी. किंवा सरकारी पदासाठी एमबीएशी समकक्षता लागेल, तेव्हा भारतीय विश्वविद्यालय संघाची म्हणजे एआययूची मान्यता विचारली जाते.
– विद्यापीठाने 'फ्रँचायझी' देऊन दूरस्थ कोर्स चालवणं यूजीसीला मान्य नाही. गल्लीतल्या क्लासवाल्याने 'आम्ही अमुक विद्यापीठाचे फ्रँचायझी' म्हटलं की चहा पिऊन उठा.
– 'काही महिन्यांत एमबीए', 'मागच्या तारखेने मार्कशीट' असलं काही कानावर आलं तर तो चहासुद्धा नको. २०२४ मध्ये यूजीसीला 'दहा दिवसांत एमबीए' असल्या जाहिरातींपासून सावध राहा, अशी जाहीर सूचना काढावी लागली होती. म्हणजे त्यालाही गिऱ्हाईक होतं.

दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी आता डीईबी आयडी लागतो. त्याच्याआधी एबीसी आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. तो बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून मिळतो. हे दोन्ही स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या ईमेलवर काढा. एजंटने त्याच्या नंबरवरून काढलं, तर पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दाराशी जावं लागेल.

४. पैशांचं गणित फीच्या आकड्यावर थांबवू नका

फी, परीक्षा फी, पुस्तकं हे दिसतं. दिसत नाही ते असं: वर्गाच्या दिवशी बाहेरचा वडापाव-चहा, रात्री उशिरा स्टेशनवरून रिक्षा, ओव्हरटाइम सुटला त्याचे पैसे, आणि परीक्षेच्या आठवड्यात बिनपगारी झालेली एखादी सुट्टी. माझ्या वहीत पहिल्या वर्षी असा 'न दिसणारा' खर्च फीच्या जवळजवळ एक चतुर्थांश भरला. त्यात ओव्हरटाइम सगळ्यात मोठा.

शैक्षणिक कर्ज काढलंत तर आयकरात व्याजाची वजावट मिळते (१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०ई), जास्तीत जास्त आठ वर्षं. दोन गोष्टी लोक विसरतात. वजावट फक्त व्याजाची आहे, मुद्दलाची नाही. आणि ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत असाल तर विसरा. मित्राकडून उसने घेतले त्यालाही ती लागू नाही, कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचंच लागतं.

कंपनी फी भरणार असेल तर आनंद आहे, पण बाँड वाचा. किती वर्षं, आणि ती कधीपासून मोजायची: प्रवेशापासून की पदवी मिळाल्यापासून? माझ्या एका वर्गमित्राने 'दोन वर्षांचा बाँड' ऐकून सही केली. तो पदवीनंतरचा दोन वर्षांचा निघाला, म्हणजे एकूण पाच.

फी परत मिळण्याचे नियम प्रवेश घेतानाच लेखी मागा आणि पावती जपा. बदली झाली, बाळ झालं, आई आजारी पडली, काहीही होऊ शकतं.

५. कागदपत्रं

हे सगळं एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवा आणि स्कॅन करून मोबाइलमध्येही ठेवा:

– दहावी, बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं
– पदवीच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र. प्रोव्हिजनलवर भागतं, पण कायम नाही
– शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
– पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर त्या विद्यापीठाकडून मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र
– आधार, पॅन, फोटो, सही
– अनुभवाचा दाखला, कंपनीच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख आणि हुद्दा लिहिलेला
– मागितलं तर कंपनीचं ना-हरकत पत्र
– राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेअर
– नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्र

यातलं मायग्रेशन आणि नाव या दोन गोष्टी जरा सविस्तर सांगते.

मी शिकले कोल्हापुरात, प्रवेश मुंबईत. मायग्रेशन 'काढू की नंतर' म्हणत राहिले. संस्थेने तात्पुरता प्रवेश दिला आणि हमीपत्र लिहून घेतलं. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली तेव्हा एक दिवस सुट्टी टाकून, रात्रीच्या एसटीने गावी जाऊन धावपळ केली. जूनमध्ये अर्ज टाकला असता तर काही करावं लागलं नसतं. तुम्ही प्रवेश घ्यायचा विचार केलात त्याच आठवड्यात हा अर्ज टाका.

दुसरं नाव. माझ्या गुणपत्रकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मी उत्साहाने फॉर्मवर सासरचं नाव भरलं. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकिटावर एक नाव, जुन्या कागदांवर दुसरं, आणि पर्यवेक्षक माझ्याकडे असे बघत होते की जणू मी दुसऱ्या कुणाच्या जागी पेपर लिहायला आले आहे. शेवटी राजपत्रात नाव छापून घेतलं. शासकीय मुद्रण संचालनालयाकडे त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. बायांनो, फॉर्म भरण्याआधी ठरवा: एक तर गुणपत्रकावर आहे तेच नाव ठेवा, किंवा आधी राजपत्र, मग फॉर्म. अधलंमधलं काही नको. आधारवरचं नाव आणि एबीसी आयडीवरचं नाव जुळतं का, तेही त्याच वेळी बघा.

६. साहेब आणि घर

साहेबांना प्रवेश घेतल्यावर सांगू नका, आधी सांगा. आणि 'मला शिकायचंय, साहेब' एवढंच घेऊन जाऊ नका. मी एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: आठवड्यातले कुठले दिवस साडेपाचला निघावं लागेल, त्या दिवशी हँडओव्हर कोण घेईल, परीक्षेच्या सुट्ट्या अंदाजे कुठल्या महिन्यात लागतील. साहेब म्हणाले, 'हे तू आधीच ठरवलंयस तर मला काय विचारतेस?' पण कागद ठेवून घेतला. पुढे एका ऑडिटच्या आठवड्यात तोच कागद कामाला आला.

घरी त्याहून मोकळं बोलावं लागतं. आमच्याकडे सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला: 'आठवड्यातून किती रात्री मुलगा माझ्याजवळ जेवणार?' मी म्हटलं, दोन-तीन. त्या म्हणाल्या, 'नक्की आकडा सांग.' मी तीन सांगितला आणि तीन वर्षं तो पाळला. 'बघू, जमेल तसं' हे उत्तर घरात चालत नाही. खरं तर ऑफिसातही नाही.

७. पहिल्या सत्राआधीचे दोन महिने

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. वर्गात बोलताना व्याकरण चुकलं तर कुणी मान कापत नाही. तिथे सगळे दिवसभर राबून आलेले असतात. अडतं ते लिहिण्यात, कारण तीन तास सलग इंग्रजी लिहायची सवय गेलेली असते. रोज एक पान हाताने लिहा. विषय काहीही घ्या, आज लाइन का थांबली हा सुद्धा चालेल.

दुसरी धास्ती आकड्यांची. त्यासाठी शिकवणी लावायच्या आधी एक गणित करून बघा. आमच्या सोसायटीत एक ताई पोळी-भाजीचे डबे देतात. समजा, गाळ्याचं भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार मिळून महिना २४,००० रुपये. एक डबा विकला काय किंवा हजार विकले काय, हा खर्च तेवढाच. एका डब्याला ९० रुपये येतात, त्यातले ६० पीठ-तेल-भाजी-गॅसमध्ये जातात. उरले ३०. २४,०००ला ३०ने भागा: महिन्याला ८०० डबे, पंचवीस दिवस धरले तर रोजचे ३२. तेहतिसाव्या डब्यापासून ताईंची कमाई सुरू. याला ब्रेक-इव्हन म्हणतात आणि कॉस्टिंगच्या पेपरची सुरुवात इथूनच होते. आता विचार करा: भाजी महागली आणि ६०चे ६६ झाले, तर रोज किती डबे लागतील? उत्तर ४० येतं. सहा रुपयांच्या फरकाने रोजचे आठ डबे वाढले. हे बघून गंमत वाटली असेल, तर तुम्हाला अकाउंट्सची भीती बाळगायचं कारण नाही.

८. वेळ

'रोज पहाटे चारला उठून अभ्यास' हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी दुसरं कुणीतरी डबे करत असतं. मला ते कधी जमलं नाही. मी लोकलचा वेळ धरला. संध्याकाळी गर्दी मुंबईतून बाहेर पडत असते. ठाण्याहून दादरकडे जाणाऱ्या फास्टमध्ये लेडीज डब्यात चक्क बसायला मिळतं. अर्धा तास. जाताना आजचा धडा चाळायचा. येताना मात्र डोंबिवलीपर्यंत उभं राहायचं आणि कानात वर्गाचं रेकॉर्डिंग. तुमची वाट वेगळी असेल, पण रोजच्या दिवसात असा एखादा सांधा सापडतोच. तोच धरा, नवीन तास तयार करायला जाऊ नका.

रविवारची सकाळ मात्र अभ्यासाला द्यावीच लागते. लग्नसराईत ते कळतं.

९. शनिवारचं सोमवारी

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबते.

एक वही करा. डाव्या पानावर वर्गात ऐकलेली एकच गोष्ट, उजव्या पानावर ती आपल्या खात्यात कुठे लागू होते ते. रोज नाही, आठवड्याला एक.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. ऑपरेशन्सच्या तासाला सरांनी शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची पद्धत शिकवली. एका मालावरून दुसऱ्या मालावर मशीन वळवताना, मशीन थांबल्यावरच करता येणारी कामं एकीकडे आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येणारी कामं दुसरीकडे काढायची. आमच्या ब्लिस्टर लाइनवर, म्हणजे गोळ्या पट्टीत भरायच्या लाइनवर, एका गोळीची बॅच संपून दुसरीची सुरू व्हायला दोन तास चाळीस मिनिटं जायची, आणि सगळे म्हणायचे की चेंज पार्ट, म्हणजे माल बदलला की मशीनला बदलून लावायचे भाग, जुने आहेत, नवे घ्या. मी सोमवारी घड्याळ घेऊन उभी राहिले. जुना माल, फॉइल, कार्टन हटवायला २५ मिनिटं. सफाई ४०. चेंज पार्ट बसवून सेटिंग ४५. स्टोअरमधून नवीन फॉइल यायची वाट बघण्यात २०. आणि क्यूएचा म्हणजे गुणवत्ता खात्याचा माणूस येऊन लाइन क्लिअरन्सची, म्हणजे जुनं काही उरलेलं नाही, आता सुरू करा, अशी सही करेपर्यंत ३०. म्हणजे १६० पैकी ५० मिनिटं आम्ही नुसते उभे होतो. जुन्या पार्टचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वर्गातलं शिक्षण इथे संपतं. पुढचं कुणी शिकवत नाही. मी स्टोअरला सांगितलं, फॉइल अर्धा तास आधी पाठवा. दोन आठवडे काही फरक पडला नाही. मग मी चिडले, मग मेल टाकली, साहेबांना कॉपी ठेवली. त्याने आणखी बिघडलं. शेवटी स्टोअरमध्ये जाऊन बसले आणि विचारलं, 'तुमची अडचण काय आहे?' ते म्हणाले, 'मॅडम, तिन्ही लाइनच्या मागण्या एकाच वेळी येतात, आणि माझ्याकडे ट्रॉली एक.' हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. मग अकरा आणि साडेतीन अशा दोन वेळा ठरल्या, तिन्ही लाइननी पाळायच्या. क्यूएला बॅच संपायच्या अर्धा तास आधी फोन. सफाईच्या वेळेला हात लावला नाही. औषधाच्या धंद्यात तो लावायचा नसतो. दोन तास चाळीस मिनिटांचे एक तास पंचावन्न मिनिटं झाले. पद्धत शिकायला एक तास लागला होता, ती चालू करायला पाच आठवडे.

दुसरं पान काम सोपवण्याचं. शिफ्ट रिपोर्ट मी स्वतः करायचे, रोज पाऊण तास. वर्गात 'डेलिगेशन' ऐकून तो आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटर मामांना दिला. पहिल्या आठवड्यात रिजेक्शनचा आकडा दोनदा चुकला आणि माझे हात शिवशिवले की घ्यावा परत. त्याऐवजी ठरवलं की रोज तीनच आकडे तपासायचे, बाकीला हात लावायचा नाही. मामा हाताने मराठीत लिहायचे, एक नवा मुलगा ते एक्सेलमध्ये टाकायचा. महिन्याभराने मामांनी रिपोर्टच्या खाली स्वतःहून एक रकाना वाढवला: 'लाइन का थांबली'. तो माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

एक सावधगिरी. वर्गात शिकलेले शब्द फ्लोअरवर बोलू नका. मी एकदा मीटिंगमध्ये 'मोटिव्हेशन' म्हणाले, तर मागून कुणीतरी म्हणालं, 'म्हणजे ओव्हरटाइम का, मॅडम?' सगळे हसले. मीही हसले, पण तो शब्द पुन्हा काढला नाही.

१०. ग्रुप आणि प्रोजेक्ट

ग्रुपमध्ये पाच जण असतात आणि काम अडीच जण करतात. पहिल्याच भेटीत कोण काय कधी देणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा. न देणाऱ्याचं नाव स्लाइडवर घालायचं की नाही, हेही तेव्हाच ठरवा. शेवटच्या रात्री ठरवायला गेलात तर भांडणं होतात. वर्गातली बँकेची, विम्याची, आयटीची माणसं तुमच्याहून वेगळा विचार करतात, त्यांच्याबरोबर एक चहा जास्त घ्या. मला त्यांच्याकडून पुस्तकांपेक्षा जास्त मिळालं.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. घेऊ नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. प्रोजेक्ट स्वतःच्या खात्यावरच करा, पण कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि उत्पादनाचं, ग्राहकाचं नाव झाका. 'उत्पादन अ' लिहिलं तरी गुण कापत नाहीत.

११. परीक्षा

मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवा. हजेरीची अट किती टक्के आहे ते पहिल्या दिवशी विचारा आणि आपली हजेरी दर महिन्याला बघा. एखादा विषय राहिला तर रडू नका, पुढच्या सत्रात निघतो. माझा एक राहिला होता. कुठला ते सांगत नाही, कारण वर डब्यांचं गणित मीच मांडलं आहे.

१२. निकालानंतर

पगार लगेच वाढेल या हिशेबात राहू नका. माझं पहिले नऊ महिने काहीच झालं नाही. मग प्लॅनिंगमध्ये जागा निघाली, तेव्हा मुलाखतीत पदवीबद्दल एक प्रश्न आला आणि चेंजओव्हरबद्दल, म्हणजे मशीन वळवण्याच्या त्या वेळेबद्दल, अर्धा तास. म्हणून वही टाकू नका. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी आधीचे आणि नंतरचे आकडे त्यातूनच काढायचे असतात.

कागदांचं काम अजून उरलेलं असतं. सगळ्या सत्रांचे क्रेडिट एबीसी खात्यात दिसतात का ते बघा. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येईल असं समजू नका. पदवीप्रदानाचा अर्ज आणि फी वेगळी असते, आणि मुदतही. त्या अर्जात तुमचं नाव देवनागरीतही भरायचं असेल, तर आई-वडिलांच्या नावासकट एकेक वेलांटी तपासा. मी माझं तीनदा तपासलं. वडिलांच्या नावातला एक ऱ्हस्व उकार तरीही दीर्घ छापून आलाय, आणि दुरुस्तीचा अर्ज सध्या माझ्या पर्समध्ये आहे.